छोटे, स्वस्त लिनक्स लॅपटॉप: सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावी-बारावीचे निकाल लागले की सोलापुरातील पालकांकडून एक ठरलेली विचारणा सुरू होते: पंधरा-वीस हजारांत मुलासाठी लॅपटॉप बसेल का, आणि त्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मुक्त कार्यप्रणाली, टाकले तर अभ्यास अडणार तर नाही ना? नव्या-जुन्या छोट्या यंत्रांवर लिनक्स बसवून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. पुढील उत्तरे त्या कामातून आलेली असून ती विद्यार्थी, छोटे दुकानदार आणि घरगुती वापर करणारे यांच्यासाठी आहेत.

१. छोटा लिनक्स लॅपटॉप म्हणजे नेमके कोणते यंत्र?

साधारण ११ ते १३ इंचांचा पडदा, दीड किलोच्या आतबाहेर वजन, कमी वीज घेणारा प्रोसेसर आणि विंडोजऐवजी लिनक्स कार्यप्रणाली, असे यंत्र येथे अभिप्रेत आहे. आपल्याकडील दुकानांत लिनक्स बसवूनच विकलेला छोटा लॅपटॉप क्वचित मिळतो. बहुतेक वेळा तो विंडोजसह किंवा ‘डॉस’ (म्हणजे विंडोजविना) असा शिक्का मारून विकलेला असतो, नाहीतर एखाद्या कंपनीतून निघालेला जुना असतो, आणि लिनक्स आपण स्वतः किंवा जाणकाराकडून बसवून घ्यायचे असते.

२. ही कल्पना आली कोठून, आणि मध्यंतरी ती मागे का पडली?

२००७ साली असुस कंपनीने ‘ई पीसी ७०१’ हा सात इंची पडद्याचा, एक किलोहून कमी वजनाचा लॅपटॉप आणला. त्यात ५१२ एमबी रॅम, ४ जीबी साठवण आणि झँड्रॉस नावाचे लिनक्स होते. त्याच वर्षी ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे शालेय यंत्र तयार होऊ लागले. १०० डॉलरचे उद्दिष्ट ठेवलेले ते यंत्र प्रत्यक्षात त्याच्या जवळपास दुप्पट किमतीला पडले. आपल्या राज्यात रायगड जिल्ह्यातील खैरात या छोट्या गावच्या शाळेत त्याचा प्रयोगही झाला.

या यंत्रांचे आकर्षण खरे होते, पण उणिवाही तितक्याच खऱ्या होत्या. ई पीसीच्या पडद्यावर ८०० गुणिले ४८० एवढेच बिंदू मावत असल्यामुळे अनेक चौकटींचे ‘ओके’ बटण पडद्याच्या खाली लपत असे, आणि ऑल्ट कळ दाबून अख्खी चौकट वर ओढावी लागत असे. पुढे मायक्रोसॉफ्टने अशा अतिस्वस्त संगणकांसाठी विंडोज एक्सपी होमची विक्री ऑक्टोबर २०१० पर्यंत चालू ठेवली, २०१० मध्ये आयपॅड आला, आणि २०१२ च्या अखेरीपर्यंत असुस आणि एसर या दोन्ही कंपन्यांनी नेटबुक, म्हणजे असे छोटे स्वस्त लॅपटॉप, बनवणे थांबवले. माझ्या मते या घसरणीचा दोष एकट्या लिनक्सवर टाकणे अन्यायाचे आहे. अपुऱ्या साठवणुकीवर अर्धवट सजवलेले लिनक्स देऊन, अपडेटची नीट सोय न करता ही यंत्रे विकली गेली, आणि ती घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत हे कोणी समजावून सांगितले नाही.

३. सोलापुरात हे यंत्र कोणाला खरोखर उपयोगी पडेल?

सर्वांत आधी नाव घ्यावे लागेल ते विद्यार्थ्यांचे. मोहोळ, अक्कलकोट किंवा बार्शीहून एसटीने ये-जा करणाऱ्या, दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या मुलाला अडीच किलोचे यंत्र पाठीवर वागवणे जड जाते. नोट्स वाचणे, व्याख्यानाचे व्हिडिओ पाहणे, अर्ज भरणे, प्रकल्प लिहिणे, सी किंवा पायथनचे पहिले धडे गिरवणे, एवढ्यासाठी हे यंत्र पुरते. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यासाठी तर लिनक्स हा वरचढ पर्याय आहे, कारण पायथन, कंपायलर, गिट यांसारखी साधने एका आज्ञेसरशी बसतात आणि कोणतीही प्रत चोरून वापरावी लागत नाही.

दुसरा वर्ग पत्रव्यवहार, हिशेबाची साधी पत्रके आणि ब्राउझर यांपलीकडे न जाणाऱ्या घरांचा आणि छोट्या दुकानांचा आहे. ज्यांचे पोट एखाद्या ठरावीक विंडोज प्रणालीवर चालते, त्यांनी मात्र हा मार्ग धरू नये. लग्नपत्रिका छापणारे, कोरलड्रॉ आणि श्री-लिपीवर डीटीपी करणारे, चादरी-टॉवेलच्या जॅकार्ड नक्षीसाठी कॅड प्रणाली वापरणारे हे सगळे अशा लोकांत येतात. या कामांसाठीची साधने बहुतेक विंडोजसाठीच बनलेली असतात, आणि ती लिनक्सवर कशीबशी चालवण्यात जाणारा वेळ ग्राहकाच्या मुदतीतून वजा होतो.

४. चार जीबी रॅम पुरते का?

स्वस्त लॅपटॉपबाबत माझ्या लेखी हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि दुकानात तोच सर्वांत कमी विचारला जातो. एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई यांसारख्या हलक्या डेस्कटॉपचे (पडद्यावरील मांडणीचे) लिनक्स सुरू झाल्यावर एक जीबीच्या आत राहते. त्यामुळे ‘लिनक्स हलके असते’ हे विधान चुकीचे नाही. परंतु आजचे संकेतस्थळ हलके राहिलेले नाही. ब्राउझरमध्ये ईमेल, व्हॉट्सॲप वेब, एक व्हिडिओ आणि एक ऑनलाइन फॉर्म अशा चार गोष्टी उघडल्या की उरलेली रॅम तेथेच संपते, मग कार्यप्रणाली कोणतीही असो. यंत्र हळू झाले की लोक लिनक्सला नावे ठेवतात, पण तेच संकेतस्थळ विंडोजवरही तेवढीच रॅम खाते.

चार जीबीवर काम भागवता येते. झेडरॅम चालू केले की रॅममधील कमी लागणारा मजकूर दाबून ठेवला जातो आणि थोडी जागा मोकळी होते. टॅब मोजके ठेवण्याची सवयही लावून घेता येते. तरीही नवीन यंत्र घेताना ८ जीबी असेल तरच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. याचे कारण असे की अनेक स्वस्त छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डाखलेली असते आणि पुढे ती वाढवता येत नाही. खरेदीच्या दिवशी वाचवलेले दोन-तीन हजार रुपये नंतर कितीही खर्च केले तरी भरून निघत नाहीत. दोन जीबीचे जुने यंत्र हाती असेल तर ते केवळ टंकलेखनासाठी आणि वाचनासाठी ठेवावे.

५. जाहिरातीत ‘६४ जीबी ईएमएमसी’ असे लिहिलेले असते. ती एसएसडीच असते का?

नाही. ईएमएमसी ही मोबाइलमध्ये वापरली जाते तशा जातीची साठवण असून ती बोर्डवर डाखलेली, एसएसडीपेक्षा बरीच मंद आणि बदलता न येणारी असते. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारासाठी किमान २० जीबी जागा लागते, म्हणून ६४ जीबीत ते आरामात बसते, तर विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची आहे. येथे लिनक्सची बाजू स्पष्टपणे उजवी ठरते. मात्र ही साठवण बिघडली तर बहुधा पूर्ण बोर्डच जातो, हे लक्षात ठेवून महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेर ठेवावी.

६. त्याच पैशांत नवा छोटा लॅपटॉप घ्यावा की कंपनीतून निघालेला जुना?

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची चांगली बांधलेली यंत्रे मोठ्या कार्यालयांतून बाहेर पडून जुन्या बाजारात येत आहेत. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स मालिकेतील, डेलच्या लॅटिट्यूड ७००० मालिकेतील किंवा एचपीच्या एलिटबुक ८२० मालिकेतील साडेबारा इंची यंत्रे या वर्गात मोडतात. त्यांचा आय-५ प्रोसेसर नव्या स्वस्त लॅपटॉपमधील दोन गाभ्यांच्या (कोअरच्या) सेलेरॉन एन४०२० पेक्षा सरस आहे, त्यांतील बहुतेकांची रॅम आणि एसएसडी स्क्रू काढून बदलता येते, आणि लिनक्सवर ती गुण्यागोविंदाने नांदतात, कारण जगभरचे लिनक्स विकासक स्वतः अशीच यंत्रे वर्षानुवर्षे वापरत आले आहेत.

जुन्या यंत्राचे तोटेही मोजायला हवेत. बॅटरी थकलेली असते आणि मूळ कंपनीची नवी बॅटरी सहज मिळत नाही. पडद्यावर डाग, कळफलकावर झीज, सैल पडलेले चार्जरचे छिद्र, बायोसला (यंत्राच्या मूळ सेटिंगला) घातलेला जुन्या कार्यालयाचा पासवर्ड असे प्रकार आढळतात, आणि वॉरंटी फार तर काही महिन्यांची मिळते. नव्या यंत्रात इंटेल एन१०० हा २०२३ साली आलेला चार गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि बदलता येणारी एसएसडी असेल, तर मी नव्याच्या बाजूने कौल देईन. विशेषतः ज्या घरी बिघाडाच्या वेळी धावून येणारे कोणी नाही त्यांच्यासाठी. एन४०२०, ४ जीबी आणि ईएमएमसी असा नवा संच समोर ठेवला असेल, तर त्यापेक्षा जुने थिंकपॅड घ्यावे.

७. दहा वर्षांपूर्वी दहा हजारांत घेतलेला छोटा लॅपटॉप घरात पडून आहे. त्यावर लिनक्स बसेल का?

२०१५-१६ च्या सुमारास, उदाहरणार्थ आयबॉल कॉम्पबुकसारखी, इंटेल ॲटम झेड३७३५एफ प्रोसेसरची २ जीबी रॅमची यंत्रे आपल्याकडे बरीच विकली गेली. त्यांचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण यंत्र सुरू करणारे यूईएफआय हे अंगभूत सॉफ्टवेअर ३२ बिटांचे आहे, म्हणून नेहमीचा लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला तर यंत्र त्याला ओळखतच नाही. ३२ बिटांचा बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा भाग) असलेली प्रत घेतली की ते सुरू होते, मात्र आवाज आणि वाय-फाय यांसाठी खटपट करावी लागते. अस्सल ३२ बिटांच्या प्रोसेसरचे त्याहून जुने नेटबुक असेल तर पर्याय आता फारच थोडे आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर देणे बंद केले. अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिटांची आवृत्ती अजून वापरता येते. हौस म्हणून हा उद्योग करायला हरकत नाही, मुलाचा अभ्यास मात्र त्यावर अवलंबून ठेवू नये.

८. मराठी टंकलेखन होते का? घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दूही लागते.

सोलापूरसारख्या चार भाषा एका गल्लीत नांदणाऱ्या शहरात हा प्रश्न योग्यच आहे, आणि लिनक्सची बाजू येथे फार भक्कम आहे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी कगप असे दोन्ही कळफलक लिनक्समध्ये आधीपासून असतात. तेलुगू आणि कन्नडसाठीही हे दोन्ही प्रकार मिळतात, आणि उर्दूसाठी उच्चारानुसारी कळफलक मिळतो. पूर्व भागातील एखाद्या घरात आजीसाठी तेलुगू, शाळेसाठी मराठी आणि कामासाठी इंग्रजी अशी तिन्ही मांडणी एकाच यंत्रावर ठेवून एका कळीने बदलता येते. कोणतीही स्वतंत्र प्रणाली विकत घ्यावी लागत नाही.

इनस्क्रिप्ट शिकणे थोडे कष्टाचे वाटते, पण त्याचे फळ टिकाऊ आहे. इंग्रजी ‘जे’ या कळीवर र आहे. शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ मिळतो, आणि मग ‘दुसऱ्या’, ‘वऱ्हाड’ हे शब्द अचूक उमटतात. एन या कळीवर ल आणि शिफ्टसह ळ आहे. विंडोजमध्येही हीच मांडणी असल्यामुळे शिकलेले वाया जात नाही. नोटो किंवा लोहित हे देवनागरी फाँट बसवले की लिबर ऑफिस या मुक्त ऑफिस-संचामध्ये जोडाक्षरे स्वच्छ दिसतात.

अडचण जुन्या फाइलींची आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समजणाऱ्या प्रमाणित अक्षरसंकेतात, नसतो. तो लिनक्सवर उघडला की अगम्य अक्षरे दिसतात, आणि रूपांतर करून पुन्हा मुद्रितशोधन करावे लागते. ज्या कार्यालयाला अशाच फाइली द्यायच्या असतील, तेथे आधी चौकशी करावी.

९. टॅली, जीएसटी आणि आधारचे अंगठ्याचे यंत्र चालते का?

टॅलीप्राइम विंडोजसाठी आहे. ‘वाइन’ या, विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाच्या आधाराने ती लिनक्सवर चालवण्याचे प्रयत्न लोक करतात, पण ज्या दुकानाचा रोजचा हिशेब त्यावर अवलंबून आहे त्याने तो धोका पत्करू नये. जीएसटीचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते, मात्र डिजिटल सहीचे टोकन वापरायचे असेल तर त्या टोकनाचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का हे आधी पाहावे. आधारच्या अंगठ्याच्या यंत्रांना लागणारी प्रणाली मुख्यतः विंडोज आणि अँड्रॉइडसाठी मिळते, म्हणून सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी लिनक्स लॅपटॉप योग्य नाही.

१०. एमएस-सीआयटी आणि शासकीय टायपिंग परीक्षेचा सराव यावर होईल का?

टंकलेखनाचा वेग आणि बोटांची सवय कोणत्याही यंत्रावर वाढते. परीक्षा मात्र ठरलेल्या प्रणालीवर होते, म्हणून शेवटचे काही आठवडे संस्थेतील संगणकावरच सराव करावा.

११. प्रिंटरचे काय?

ज्या प्रिंटरवर एअरप्रिंट किंवा मोप्रिया असे लिहिलेले असते, तो लिनक्सवर बहुधा ड्रायव्हरविना चालतो. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांसाठी कंपनीचेच एचपीएलआयपी हे मुक्त साधन आहे. लेझरजेट १०२० सारख्या जुन्या मॉडेलला त्याशिवाय एक छोटी जोडफाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी लागते. खरी डोकेदुखी आहे ती झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणाऱ्या कॅनन एलबीपी २९०० ची. हा प्रिंटर कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट पद्धतीने चालतो, आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर जुना व हट्टी आहे. घरी तोच प्रिंटर असेल तर पीडीएफ करून दुसऱ्या संगणकावरून छापणे, हा कमी त्रासाचा मार्ग आहे.

१२. सोलापूरच्या उन्हाळ्यात आणि धुळीत ही यंत्रे टिकतात का?

एप्रिल-मे महिन्यांत येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीत तो त्याहूनही अधिक वाटतो. अनेक छोट्या लॅपटॉपमध्ये पंखा नसतो. एन४०२० आणि एन१०० हे प्रोसेसर सहा वॉटच्या वर्गातले असल्यामुळे पंख्याविना त्यांचे भागते, पण दुपारच्या उष्म्यात व्हिडिओ कॉल लांबला की ते स्वतःचा वेग कमी करतात आणि यंत्र मंदावते. यात बिघाड नसतो. प्रोसेसर स्वतःला वाचवत असतो. यंत्र गादीवर न ठेवता फळीवर किंवा फरशीवर ठेवले तरी बराच फरक पडतो.

हाच पंखा नसणे आपल्या शहरात मोठा गुणही ठरतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला, किंवा ज्या घराच्या खालीच पॉवरलूम चालतात तेथे, हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. पंखा असलेला लॅपटॉप ती हवा ओढून घेतो. असे एखादे यंत्र उघडले की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये राखाडी सुताची नमद्यासारखी दाट पट्टी बसलेली दिसते. ती चिमट्याने सोलून अखंड निघते, आणि ती काढल्यावर यंत्राचे तापमान लगेच उतरते. ज्यांच्या घरी वा कारखान्यात अशी हवा आहे, त्यांनी बिनपंख्याचे यंत्र घ्यावे, किंवा जुने घेतल्यास वर्षातून एकदा तरी उघडून साफ करून घ्यावे.

उष्णतेने बॅटरीचेही आयुष्य घटते. थिंकपॅडसारख्या काही यंत्रांवर टीएलपी या साधनाने चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवता येते. सतत चार्जरला जोडून काम करणाऱ्यांनी ते अवश्य करावे. वीज जाण्याच्या दृष्टीने ही यंत्रे सोयीची आहेत, कारण त्यांचा एकूण वापरच कमी असतो, आणि यूएसबी-सीवर चार्ज होणारे यंत्र योग्य क्षमतेच्या पॉवर बँकेवरही चालू राहते.

१३. कोणते लिनक्स बसवावे?

विंडोजची सवय असलेल्याला ८ जीबीवर लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती आणि ४ जीबीवर तिचीच एक्सएफसीई आवृत्ती द्यावी. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, आणि ठेवण-बटणे ओळखीची असल्यामुळे घरातील ज्येष्ठांनाही ती दोन दिवसांत अंगवळणी पडते. त्याहून अशक्त यंत्रावर लुबंटू हे हलके लिनक्स बसवावे. सी-डॅकने भारतीय भाषांचा विचार करून तयार केलेले डेबियनवर आधारित बॉस लिनक्सही आहे, पण अडल्यावर मदत सहज सापडावी म्हणून नवशिक्याला मी मिंटच सुचवतो. दर महिन्याला नवे लिनक्स आजमावण्याचा छंद ज्या यंत्रावर अभ्यास चालतो त्यावर करू नये.

१४. मग क्रोमबुक किंवा जिओबुक का नको?

क्रोमबुकच्या, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपच्या, मुळाशीही लिनक्सच आहे, आणि केवळ ब्राउझरवर काम करणाऱ्याला ते सोपे व सुरक्षित पडते. त्याच्या अपडेटची अंतिम तारीख मात्र मॉडेलनुसार ठरलेली असते, म्हणून जुने क्रोमबुक घेताना ती आधी पाहावी. २०२३ च्या जिओबुकवरील जिओओएस अँड्रॉइडवर आधारलेली आहे. प्रोग्रॅमिंग शिकण्यासाठी ते यंत्र मी सुचवणार नाही.

१५. बिघडल्यावर सोलापुरात दुरुस्त होईल का, आणि शिकायचे कोठे?

पडदा, कळफलक, बिजागरी आणि चार्जिंगचे छिद्र यांची दुरुस्ती शहरात होते. सॉफ्टवेअरची अडचण घेऊन गेल्यास मात्र अनेक कारागीर न विचारताच लिनक्स पुसून विंडोज टाकतात, म्हणून यंत्र देताना ‘डिस्कला हात लावू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उत्तम आहे; लिनक्स, लिबर ऑफिस, पायथन यांवरील त्यांचे छोटे पाठ मराठी निवेदनासह विनामूल्य उपलब्ध आहेत. केरळमधील सरकारी शाळांत तर अनेक वर्षांपासून मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकत आहेत, आणि आपल्या जिल्ह्यातील शाळांनाही ते जमेल असे मला मनापासून वाटते.

१६. दुकानात पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

मिंट भरलेला पेनड्राइव्ह सोबत न्यावा आणि दुकानदाराची परवानगी घेऊन यंत्र त्यावरून सुरू करावे. ‘लाइव्ह’ पद्धतीने ते डिस्कवर काहीही न बदलता चालते. आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून वाय-फाय जोडावे, कारण काही स्वस्त रिअलटेक आणि ब्रॉडकॉम चिपा येथेच अडतात. मग यूट्यूबवर एक व्हिडिओ लावून आवाज ऐकावा, कॅमेरा उघडावा, आणि टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकते का ते पाहावे. झाकण लावून, दोन मिनिटांनी पुन्हा उघडून यंत्र जागे होते का तेही पाहावे. स्वस्त यंत्रे सर्वाधिक वेळा याच परीक्षेत नापास होतात. सगळी बटणे एकदा दाबून घ्यावीत. जुने यंत्र असेल तर बॅटरीची मूळ क्षमता आणि आजची क्षमता लिनक्सच्या पॉवर स्टॅटिस्टिक्समध्ये शेजारी-शेजारी दिसते. आजचा आकडा मूळच्या ६० टक्क्यांहून खाली असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वळता करून मागावा. शेवटी बिलावर मॉडेल, अनुक्रमांक, रॅम आणि साठवणुकीचा प्रकार लिहून घ्यावा आणि परत घेण्याची मुदत तोंडी न ठेवता त्याच बिलावर घालून घ्यावी.